चटणी चाखतात, वाखाणतात, मग जातात कुठे?

कोल्हापुरातल्या ४२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गल्ली त्यांच्या विनंतीवरून देत नाही. गेली पाच वर्षं त्या घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. सुरुवात एका चटणीने झाली. आता शेंगदाणा, जवस, कारळं, तीळ, मटण मसाला, मिसळ मसाला असे मिळून १४ प्रकार आहेत. चटणीचा भाव किलोला ६०० रुपये, त्यात कच्चा माल, कांडप आणि पाकीट धरून ४३० रुपये खर्च होतात. डिसेंबर-जानेवारीत बचत गटांची प्रदर्शनं भरतात तिथे त्या स्टॉल लावतात आणि भाकरीच्या तुकड्यावर तेल-चटणी चाखायला देतात. ‘लई भारी’, ‘एक नंबर’ म्हणत लोक कार्ड घेऊन जातात, पण वर्षभरात पुन्हा फोन करणाऱ्या नऊच जणी निघाल्या. मागच्या महिन्यात महाद्वार रोडजवळच्या एका दुकानात त्यांना एक बाई दिसल्या. स्टॉलवर सगळ्यात जास्त कौतुक करणाऱ्या त्याच. हातात कंपनीच्या मसाल्याचं पाकीट होतं. समोरासमोर आल्या, पण ओळख काही पटली नाही. आता भिशीचे ८० हजार रुपये हातात आलेत. भाचा म्हणतो, सगळे जाहिरातीत घाल, पाकीट त्या नावाजलेल्या कंपनीसारखं कर आणि वर्षभर ३० टक्के सवलत लाव. ताई विचारतात, ‘माल चांगला असून लोक विसरतात. लोकांना चवीची किंमतच राहिली नाही का? भाच्याचं ऐकू, की धंदा बंद करू?’

ताई, नमस्कार.

आधी त्या दुकानातल्या प्रसंगाबद्दल बोलू. बाकीचे प्रश्न तुमच्या मनात पूर्वीही असतील, पण ‘धंदा बंद करू का’ हा प्रश्न त्या दिवशी पडला, असं पत्र वाचताना मला वाटलं. जिने तीनदा भाकरी मागून घेतली, तीच बाई दुसऱ्याचं पाकीट हातात घेऊन आपल्या समोरून निघून जाते. लागणारच मनाला. तरी तुम्ही त्यावरून जो अर्थ काढलात तो मला पटत नाही.

त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं ते प्रदर्शनाच्या मांडवात. मागे बॅनर, पुढे बरण्यांची रांग, तुमच्या डोक्यावर टोपी. दुकानात तुम्ही पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एक गिऱ्हाईक होतात. आठवण ज्या जागी तयार होते त्या जागेला चिकटून राहते. १९७५ साली ब्रिटनमध्ये गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी समुद्रात बुड्या मारणाऱ्या डायव्हर लोकांवर एक प्रयोग केला होता. काही शब्द किनाऱ्यावर बसवून पाठ करून घेतले, काही पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. त्या बाईंच्या मनात तुमची चटणी मांडवाशी जोडलेली आहे. दुकानाच्या फळीसमोर मांडव आठवायला काहीच कारण नव्हतं.

आणखी एक फरक बघा. दुकानात गिऱ्हाइकाला काही आठवावं लागत नाही, नुसतं ओळखावं लागतं. ‘हे आपण नेतो’ एवढं पाकिटाकडे बघून कळलं की हात पुढे होतो. तुमच्या बाबतीत मात्र आधी चव आठवायची, मग नाव, मग ते कार्ड कुठल्या पर्समध्ये ठेवलं ते, मग फोन करायचा, भाव विचारायचा, आणायला कधी यायचं ते ठरवायचं. संध्याकाळी साडेसातला कढईत तेल तापलेलं असताना एवढं कोण करणार?

माझ्याच ओट्यावरची गोष्ट सांगते. मागच्या वर्षी जानेवारीत एका प्रदर्शनातून मी पाव किलो चटणी आणली. खोबरं नीट खरपूस भाजलेलं, झाकण उघडलं की लसणाचा वास आधी यायचा. दीड महिन्यात संपली. पुन्हा मागवावी म्हणून बरणी उचलली, तर कागदी लेबल तेल पिऊन आरपार दिसायला लागलेलं. नावातलं ‘श्री’ तेवढं वाचता येत होतं. फोन नंबरातले शेवटचे आकडे रोज बरणी धरून धरून माझ्याच बोटांनी पुसले होते. अंदाजाने दोन नंबर लावून बघितले. एक लागला नाही, दुसरा कुणा गॅरेजवाल्यांचा निघाला. ती चव मला आजही आठवते. आणि चटणी करणाऱ्या त्या बाई आज कुठेतरी बसून म्हणत असतील, ‘कौतुक करून गेल्या आणि विसरल्या.’

म्हणून ‘माल चांगला असला की लोक आपोआप लक्षात ठेवतात’ ही समजूत जरा तपासून बघू या. चव आणि वास आपल्या मनात खोल जातात हे खरंच आहे. मेंदूत वासाचा निरोप भावना आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांकडे फार जवळच्या वाटेने पोचतो. म्हणून मिरची कांडायच्या डंकावरून जाताना चाळीस वर्षांपूर्वीचं अंगण डोळ्यांसमोर येतं. पण वासाला नाव जोडण्यात आपण सगळेच कच्चे असतो. ओळखीचा वास आला की ‘अगं, हे काय बरं...’ म्हणून थांबतो आणि नाव जिभेवर येत नाही. तुमची चटणी लोकांच्या लक्षात आहे, असं मी धरून चालते. ती कुणाकडे मागायची, हे मात्र लक्षात नाही.

आता त्या कौतुकाकडे वळू. ‘एक नंबर’ हा शब्द तुम्ही होकार म्हणून घेतलात. आपल्या कोल्हापुरात कुणी हातावर काही ठेवलं, चव चांगली असली, तर माणूस मनापासून वाखाणतो. ते कौतुक खोटं नसतं. पण चाखणं हे एक काम आणि घरात आणणं हे दुसरं. कोका-कोला कंपनीने याची फार मोठी किंमत मोजली आहे. त्यांनी जवळजवळ दोन लाख लोकांना नवी चव चाखायला दिली, जास्त लोकांनी नव्या चवीला कौल दिला, म्हणून २३ एप्रिल १९८५ रोजी जुनं पेय बंद करून नवं बाजारात आणलं. लोक इतके खवळले की ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं. चाखताना लोकांना विचारलं होतं ते एवढंच, की या दोन घोटांतला कुठला बरा. वर्षानुवर्षं घरात येणारी आपली चव सोडाल का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

कोल्हापुरात तर ही घरातली चव म्हणजे चटणीच. तुम्ही स्वतःला त्या कंपनीची स्पर्धक समजता, पण मला वाटतं तुमची गाठ पडते ती गिऱ्हाइकाच्या आईशी. आमच्या मंगळवार पेठेत होळी झाली की गच्चीवर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची पसरायची. देठं काढायला शेजारच्या चौघी यायच्या, मग आपण त्यांच्याकडे जायचं. खोबरं, तीळ, धने, खसखस वेगवेगळं भाजून ताटांत गार करत ठेवलेलं. मग डंकावर डब्यांची रांग, तो दणदण आवाज, शिंका, आणि घरी आल्यावर दोनदा न्हायलं तरी कानामागे भगभगणारी मिरची. कुणाच्या घरी धने जास्त, कुणाच्या घरी खोबरं. आई लसूण शेवटी घालायची आणि मोजायची मुठीने. अशा घरात वाढलेली बाई तुमच्या स्टॉलवर ‘लई भारी झालीया’ म्हणते आणि पुढे म्हणते, ‘सासूबाईंना विचारून सांगतो.’ ते टाळणं नसतं. वर्षाची चटणी कुठली हे खरंच सासूबाई ठरवतात. चाखणारी एक, ठरवणारी दुसरी, पैसे देणारा तिसराच. तुम्ही आजवर फक्त चाखणारीशी बोलत आलात.

शिवाय वेळ बघा. घरोघरची चटणी होते मार्च ते मेमध्ये. तुमचा स्टॉल लागतो डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे घरातली बरणी अजून निम्म्यावर असताना. जिच्या घरी दोन-तीन किलो चटणी शिल्लक आहे, तिने तुमच्याकडून किलोभर का न्यावी? तिच्या जागी तुम्हीही नेली नसती. खरेदी ठरते ती बरणीच्या तळाला चमचा लागतो त्या दिवशी, आणि त्या दिवशी तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात कुठेच नसता.

म्हणून पहिलं काम सांगते ते अगदी छोटं आहे. चटणी पारदर्शक बरणीत द्या आणि बरणीच्या तळाला बाहेरून एक स्टिकर असं चिकटवा की छापील बाजू आत दिसेल. बरणी भरलेली असताना तो कुणाला दिसणार नाही. चटणी खाली गेली की मोठ्या अक्षरात तुमचं नाव आणि फोन नंबर वर येईल. नेमका ज्या क्षणी तो लागणार आहे त्याच क्षणी. बाहेरचं लेबल तेलाने खराब न होणाऱ्या प्लास्टिकच्या कागदावर छापून घ्या. त्यावर वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, घटक आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक असू द्या. अनोळखी घरातली चटणी पहिल्यांदा नेणारी बाई तो क्रमांक बघते, बोलून दाखवत नसली तरी. गृहउद्योगाचं चार शब्दांचं नाव लेबलावर असेल तर ते कमी करा. फोनवर एकदा सांगितल्यावर समोरचीला बरोबर लिहून घेता यावं, एवढंच नाव हवं.

दुसरं काम वहीचं. जर्मनीचे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःलाच निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावून, किती दिवसांत किती विसरतो ते मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीलाच झपाट्याने होतं, मग त्याचा वेग मंदावतो, असं त्यांना आढळलं. आणि तेच पाठांतर एका दिवसात उरकण्यापेक्षा दिवसांचं अंतर ठेवून केलं तर जास्त टिकतं, हेही त्यांनीच दाखवलं. आपल्या धंद्यात याचा अर्थ असा, की प्रदर्शनातून नेलेल्या चटणीची चौकशी दोन-तीन दिवसांत झाली पाहिजे, जेव्हा बाई ती पहिल्यांदा वापरत असते. ‘कशात वापरली? तिखट बेताचं झालं का?’ एवढंच विचारायचं. नंतर एकदम तिच्या घरातली चटणी संपायच्या सुमाराला. त्यासाठी वहीत चार गोष्टी हव्यात: नाव, तारीख, किती नेली, घरात माणसं किती. पहिल्या खेपेला ‘किती दिवस पुरली?’ हे विचारून ठेवलंत की पुढचा फोन कधी करायचा ते वहीच सांगेल. रोज सकाळी सगळ्यांना फुलांचा फोटो आणि खाली चटणीचा भाव असा निरोप पाठवू नका. तो निरोप न वाचता पुढे जायची सवय दोन आठवड्यांत लागते, आणि मग तुमचा कामाचा निरोपही त्याच सवयीत जातो.

चौदा प्रकारांबद्दल. ते तुम्ही कष्टाने उभे केलेत, याची मला जाणीव आहे. अमेरिकेत शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. किराणा दुकानात एकदा २४ प्रकारचे जॅम मांडले, एकदा ६. चोवीस प्रकारांशी जास्त लोक थांबले, पण त्यांतल्या फक्त ३ टक्क्यांनी जॅम विकत घेतला. सहा प्रकारांशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी घेतला. नंतर इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा दर वेळी असाच फरक दिसला नाही. आपल्याला काय हवं हे ज्याला आधीच ठाऊक असतं तो जास्त प्रकारांनी गोंधळत नाही. म्हणून मी म्हणेन, वर्षभराची गिऱ्हाइकं मागतील ते सगळे प्रकार करत राहा, पण स्टॉलवर तीनच बरण्या मांडा आणि कांदा-लसूण चटणी मधोमध. मुंबई-पुण्याहून अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या माणसाला ‘इथलं काय न्यावं’ एवढंच कळायला हवं असतं.

आता भाच्याचं बघू. त्याला तुमची काळजी आहे, हे त्याच्या धडपडीतून दिसतं. पण त्याच्या तीनपैकी दोन सूचना तुम्हाला बुडवतील.

कंपनीसारखं पाकीट करणं ही पहिली. माणूस एकदा एका रंगाच्या पाकिटाला सरावला की तसंच दिसणारं दुसरं पाकीटही त्याला तेच वाटतं. नक्कल करणाऱ्यांना तेच हवं असतं. पण तुमची चव वेगळी आहे आणि चांगली आहे. तुमची चटणी वापरून मटणाचा रस्सा फक्कड झाला, तर त्याचं श्रेय लाल-पिवळ्या पाकिटाला जाईल, आणि पुढच्या वेळी बाई दुकानातून ज्याचं पाकीट आधी दिसेल ते उचलेल. म्हणजे तुमच्या हाताच्या चवीने तुम्ही कंपनीची आठवण पक्की कराल. वर कायद्याची कटकट वेगळीच. दुसऱ्याच्या मालासारखा दिसणारा माल विकला म्हणून कंपनीला कोर्टात जाता येतं. तुमचं पाकीट दुरूनही दुसऱ्या कुणाचं वाटता कामा नये. फळीवर सगळं लाल असेल तर तुमचं पांढरं असू दे.

सवलतीचं तर साधं गणित आहे. ६०० वर ३० टक्के सूट म्हणजे ४२० रुपये, आणि तुम्हाला किलो पडतो ४३० ला. प्रत्येक किलोमागे तुम्ही स्वतःच्या खिशातून १० रुपये देणार, मेहनत वेगळी. पण नफा राहत असता तरी मी नकोच म्हटलं असतं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचे. ते मुद्दाम १० वर नाहीतर ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतले देश किती टक्के असतील? चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नाही, तरी १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज आला २५ आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. पहिला आकडा मनात खुंटीसारखा रोवला जातो आणि पुढचं सगळं त्यालाच बांधलं जातं. जिने तुमची चटणी पहिल्यांदा ४२० ला नेली, तिच्या लेखी चटणीचा भाव ४२०. पुढे ६०० सांगितलात तर तिला तो मूळ भाव वाटणार नाही, महागाई वाटेल. आणि सवलत कायम असली की गिऱ्हाईक सवलतीची वाट बघायला शिकतं. थांबल्यावर दर वेळी स्वस्त मिळतं, मग का थांबू नये?

पहिल्यांदा नेणाऱ्या बाईला अडवतो तो भाव नसतो. तिला भीती असते रविवारचा रस्सा बिघडण्याची. मटणाचा आजचा भाव बघता अनोळखी चटणीवर तो डाव कोण खेळणार, तेही घरात पाहुणे असताना? त्यासाठी ५० ग्रॅमची पुडी करा, ‘एका रविवारची पुडी’, ३० रुपयांना. भाव तोच राहतो, धोका मात्र एका जेवणापुरता होतो. पुडीवर लिहा, अर्धा किलो मटणाला किती चमचे आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण किती. स्वतः दोन-तीनदा करून बघून प्रमाण नक्की करा. प्रदर्शनात भाकरीवर चाखलेली चटणी मांडवाशी जोडली जाते. तीच चटणी बाईने स्वतःच्या गॅसवर वापरली, नवऱ्याने आणि सासूने रस्सा पुन्हा मागून घेतला, तर ती तिच्या घराशी जोडली जाते. आणि ठरवणाऱ्या सासूबाईंपर्यंत ती अशी ताटातूनच पोचते, दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

उन्हाळ्यासाठी याहून मोठं काम सुचवते, आणि माझ्या मते तुमचा खरा धंदा त्यातच आहे. आपल्याकडे ‘विकतची चटणी’ हे शब्द बायका अजून हळू आवाजात उच्चारतात. नोकरी करणाऱ्या, गच्ची नसलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, गुडघ्यांनी थकलेल्या कितीतरी जणींना डंक आता झेपत नाही, पण विकत आणली तर आईचं काहीतरी आपल्या हातून सुटलं, अशी बोचणी लागते. त्यांना सांगा, ‘तुमच्या घरच्या प्रमाणाने करून देते.’ फेब्रुवारीत आगाऊ नोंदणी घ्या. धने किती, खोबरं किती, ब्याडगीला संकेश्वरी किती, सगळं त्यांच्या तोंडून लिहून घ्या आणि बरणीवर त्यांच्या आडनावाची चिठ्ठी लावा. एकदा त्यांच्या घराचं प्रमाण तुमच्या वहीत आलं की पुढच्या वर्षी त्या दुसरीकडे कशाला जातील? तीच गोष्ट पुण्या-मुंबईत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या घरांची. जून-जुलैमध्ये पोरं परत निघतात तेव्हा आईची पिशवी भरणं चालू असतं. पुण्याच्या खोलीवर ना गच्ची ना डंक. तिथे तुमची बरणी आईच्या नावाने जाईल.

आता ८० हजारांचं सांगते. भाच्याची तिसरी सूचना, जाहिरातीची, मी पूर्ण मोडीत काढत नाही. एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेखालून गेली तरी ती हळूहळू बरी वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. पण ओळखीचं झालेलं नाव गरजेच्या वेळी सापडलं नाही, तर त्या ओळखीचा तुम्हाला उपयोग शून्य. म्हणून बरण्या, लेबलं, पुड्या, स्टिकर यांना साधारण १२ हजार. नवीन मिरची बाजारात आली की गडहिंग्लजला जाऊन स्वतः बघून घ्यायला ३० हजार. उन्हाळ्याच्या नोंदण्या घेतल्यात तर मिरची आधी घरात हवी. जाहिरातीला ८ हजार, तेही फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा घरोघरी ‘यंदा चटणीचं काय करायचं’ हा विषय निघालेला असतो. रील करायची असेल तर भाच्याला मिरची भाजताना, खोबरं परतताना तुमचे हात टिपू दे. उरलेले ३० हजार बँकेत राहू देत. भिशीचा पैसा एकाच हंगामात संपवायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू.

धंदा बंद करण्याचा विचार निदान पुढच्या जूनपर्यंत बाजूला ठेवा. एक पूर्ण उन्हाळा तुम्ही या पद्धतीने अजून केलेलाच नाही.

आणि याआधी, याच आठवड्यात, एक करा. पत्रात तुम्ही त्या नऊ जणींचा उल्लेख एका ओळीत उरकलात, जणू त्या मोजण्यासारख्या नाहीत. मला तर तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली. कार्ड हरवतं, लेबल पुसलं जातं, बरणी निम्मी असते, हे सगळं असूनही या नऊ जणींनी तुम्हाला शोधून फोन केला. त्यांना एकेकीला फोन लावा. विकायला नको, विचारायला. चटणी आणायची आठवण नेमकी कधी झाली? घरात कोण म्हणालं, हीच आण म्हणून? माझा नंबर कुठे ठेवला होता? कशात वापरता? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘तिखट बेताचं, पण झणका राहतो’ असं कुणी म्हणाली तर तसंच्या तसं लिहा. नवं लेबल छापायला टाकाल तेव्हा त्यावर घालायला ती ओळ उपयोगी पडेल.